उन्हाळ्यातले चार गुरुवार

परीक्षा संपली की आमच्या काळेवाडीच्या गल्लीत पोरांचा आवाज एका दिवसात दुप्पट होतो. समोरच्या पत्र्याच्या शेडवर चेंडू आदळायला लागतात, खालचा किराणावाला थंड कांड्यांची पेटी दारात आणून ठेवतो, आणि गच्चीवर कुरडया वाळत पडल्या की कावळ्यांना हाकलण्याच्या निमित्तानं बायकांच्या शिव्या सकाळपासून ऐकू येतात. मला हे दिवस पूर्वी आवडायचे. गेली चार वर्षं ते आले की मी आक्रसून बसतो. यंदा मात्र पोहे खाता खाता माझी मुलगी ईश्वरी म्हणाली, "पप्पा, गुरुवारी मी येऊ तुमच्यासोबत?" माझा चमचा हातातच राहिला. माझी बायको वर्षा ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिनं गॅस बारीक केला, पण वळून पाहिलं नाही.

गुरुवारचं सांगायला हवं. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते आणि शाळांची रविवारी. म्हणजे बाप घरी असतो तेव्हा पोर शाळेत, आणि पोर घरी असते तेव्हा बाप मशीनवर. वर्षभर असंच चालतं. फक्त एप्रिल-मेमध्ये हे दोन वार एकमेकांना भेटतात. सात-आठ गुरुवार, त्यातला एखादा ओव्हरटाइम खातो, एखादा कुणाचं लग्न खातं. उरलेल्यांत काय ते बापपण उरकायचं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात ईश्वरी सहा वर्षांची होती, आणि मी ठरवलं होतं की पोरीला जग दाखवायचं. याला कारण माझा साडू. तो पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत राहतो. त्याची पोरं सुट्टीत शिबिरांना जातात, घोड्यावर बसतात, मातीची भांडी करून आणतात. एका लग्नाच्या पंगतीत तो मला म्हणाला की पोरांना एक्सपोजर पाहिजे, नुसती शाळा काही शिकवत नाही. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी मनात म्हटलं, आपल्याकडे घोडा नाही, पण स्कूटर आहे. वर्षाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुमच्या स्कूटरवर बसून पोरगी काय शिकेल ते मला माहीत आहे, तीन भाषांतल्या शिव्या. मी हसलो. खरं म्हणजे ती चेष्टा करत नव्हती.

माझ्या स्वतःच्या लहानपणी सहल म्हणजे एकच, धाराशिवकडच्या आमच्या गावाजवळची जत्रा. मी सात वर्षांचा असताना तिथं हरवलो. दोन तासांनी सापडलो. सापडल्या सापडल्या वडिलांनी कानाखाली असा जाळ काढला की शेजारच्या पिपाणीवाल्यानंही वाजवायचं थांबवलं. त्या सहलीत मी एवढंच शिकलो की हरवण्यापेक्षा सापडणं जास्त दुखतं. पाळणा कुठल्या रंगाचा होता, देवळात काय पाहिलं, काही आठवत नाही. कान आठवतो. वडील वाईट नव्हते. ते दोन तास माझ्या नावानं ओरडत फिरले होते, त्यांचा घसा आठवडाभर बसला होता. पण मला घसा ऐकू आला नाही, हात तेवढा लागला.

पहिल्या गुरुवारी मी ईश्वरीला मोशीला इंद्रायणीवर नेलं. तिला नदी दाखवायची होती. नदीत त्या दिवशी पाणी कमी आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचा फेस जास्त होता, कंबरभर उंच, पांढराशुभ्र, वाऱ्यानं तुकडे सुटून काठावरच्या झुडपांत अडकत होते. ईश्वरीला वाटलं बर्फ आहे. ती टाळ्या वाजवत पुढे पळाली आणि वाकून फेसात हात घालणार एवढ्यात मी तिचा हात मागून असा ओढला की तिची काचेची बांगडी फुटली आणि मनगटावर रक्ताची रेघ उमटली. ती रडली नाही. तिनं आधी हाताकडं पाहिलं, मग नदीकडं, आणि विचारलं, "नदी चावते का पप्पा?" मी म्हटलं हो, चावते. दुसरं काय सांगणार होतो? रुमाल बांधला, उसाचा रस पाजला आणि परत आणलं. चावलं कोण होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दुसरा गुरुवार यात्रेचा. चैत्र-वैशाखात चाकणच्या पुढच्या गावांत आज याची यात्रा, उद्या त्याची, आणि यात्रा म्हटली की बैलगाड्यांची शर्यत. घाटाच्या, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या पट्टीच्या, दोन्ही बाजूंना माणूस लागलेला, भंडाऱ्यानं पिवळे झालेले शर्ट, कर्ण्यावर एक माणूस घसा फाटेस्तोवर गाड्यांची नावं पुकारत होता. मी ईश्वरीला खांद्यावर घेतलं. गाडा सुटला की आधी आवाज येतो, मग धूळ, मग चार बैल एकदम अंगावर आल्यासारखे येतात आणि निघूनही जातात. जमीन तळपायातून हादरते. माझं रक्त तापलं. मी इतरांसारखाच ओरडत होतो, आणि माझ्या डोक्याला धरलेल्या तिच्या बोटांची पकड घट्ट होत चालली होती हे मला कळतच नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या बारीला, गाडा पळायच्या पाळीला, एक बैल उधळला. जू मोडून तो आडवा गर्दीत शिरला. माणसं एकमेकांवर पडली, एकाला त्यानं मांडीत शिंग घालून उचललं आणि बाजूला टाकलं. त्या माणसाच्या पांढऱ्या पायजम्यावर लाल डाग पसरत गेला, आणि तो मात्र बसून आपली चप्पल शोधत होता. चार-पाच तरण्या पोरांनी काठ्या उगारल्या तसा बैल जास्तच बिथरला. मग एक म्हातारा पुढे आला, हातात काही नव्हतं. तो बैलाच्या बगलेनं गेला, दोन बोटं नाकातल्या वेसणीत अडकवली आणि उभा राहिला, एवढंच. बैल थरथरत होता, तोंडाला फेस होता, पण तो थांबला. घरी येताना ईश्वरीनं मला दोन प्रश्न विचारले. बैलाला राग कशाचा आला होता, हा पहिला. आणि एवढ्या मोठ्या बैलाला आजोबांनी एका हातानं कसं धरलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मला आलं नाही, दुसऱ्याचं मी वेसणीवर ढकललं.

माझ्या रागाबद्दल लोक म्हणतात की तो येतो आणि जातो. येतो हे खरं. मी प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकून आकार देणाऱ्या मशीनांत, वाढलेला माणूस आहे. दिवसभर शंभर टनांचा ठोका कानावर घेतला की बाहेरचं जग हळू बोलतं असं वाटतं, आणि हळू बोलणाऱ्याशी मी मोठ्यानं बोलतो. रस्त्यावर तर विचारू नका. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत जो माणूस रोज गाडी चालवतो त्याच्या छातीत एक भांडण सतत तयारच असतं. कुणी आरसा घासला, कुणी उलट्या बाजूनं आला, की ते बाहेर येतं. मी कुणाची कॉलर धरली नाही असा महिना तेव्हा क्वचित जायचा. घरी मात्र मी कधी हात उचलला नाही, आणि याचा मला अभिमान होता. तो अभिमान किती स्वस्त होता ते पुढच्या गुरुवारांनी दाखवलं.

तिसऱ्या गुरुवारी आमच्या कंपनीत फॅमिली डे होता. सुट्टीच्या दिवशी कामगारांच्या बायकापोरांना आत घेऊन बाप कुठं राबतो ते दाखवायचं, समोसा द्यायचा, फोटो काढायचा. कारखाना बंद, फक्त एक प्रेस दाखवण्यापुरती चालू ठेवलेली. तिच्यावर शिंदेमामा होते. शिंदेमामा आणि मी वीस वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये एकत्र होतो, तिथून इथं आलो. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नाहीत.

ईश्वरीनं ते लगेच पाहिलं आणि लगेच विचारलं. मामांनी तिला जवळ बोलावलं. त्यांनी दाखवलं की प्रेसला दोन बटणं असतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मुद्दाम लांब लांब. दोन्ही हात दोन्ही बटणांवर असले तरच वरचा जबडा खाली येतो. एक हात जरी काढला तरी मशीन जागच्या जागी थांबते. म्हणजे ठोका पडतो तेव्हा दोन्ही हात बाहेर असतात. मग त्यांनी पत्र्याचा तुकडा ठेवला, दोन्ही तळवे टेकले. धाडकन आवाज झाला आणि सपाट पत्र्याची वाटी झाली. बायका दचकल्या, दोन पोरं रडली. ईश्वरी हलली नाही.

"मग तुमची बोटं कशी गेली?" तिनं विचारलं.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. जे आम्ही दोघं कुणाला सांगत नाही ते त्यांनी एका सहा वर्षांच्या पोरीला सरळ सांगितलं. त्या वर्कशॉपमध्ये नगावर पैसे मिळायचे. दोन्ही हातांनी बटणं दाबायला वेळ जातो, म्हणून आम्ही सगळेच एका बटणात लाकडाची पाचर ठोकायचो. एक बटण कायमचं दाबलेलं. मग एका हातानं दाबायचं, दुसऱ्या हातानं माल सरकवायचा. पाचर ठोकायला मामांनी मला शिकवलं होतं, मी पुढे दोघांना शिकवलं. ज्या दिवशी मामांची बोटं गेली त्या दिवशी मी शेजारच्या मशीनवर होतो. त्यांच्या ओरडण्याआधी मी मोजत होतो, माझे किती नग झाले ते.

ईश्वरीनं मामांचा तो हात धरून उलटा-सुलटा करून पाहिला. मग तिनं दोन्ही बटणांवर आपले तळवे ठेवून पाहिले. मामांनी मशीन बंद केली होती आणि तिचे हात पुरतही नव्हते. मामांनी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, बटणावरचा एक हात कुणी धरला की मशीन येत नाही खाली. घरी गेल्यावर तिनं हाच खेळ मांडला. मी दोन्ही हात टेबलावर ठेवायचे, ती एक हात उचलून धरायची, आणि मी थांबायचं. मी दोन-तीनदा खेळलो, मग मोबाइल बघत बसलो.

चौथा गुरुवार. चाकणचा चौक, दुपारचे साडेबारा. माझ्या एका मित्राच्या शेतावर कांदा काढणी बघायला निघालो होतो. ऊन असं की डांबर टायरला चिकटत होतं. ईश्वरी पुढे उभी, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. कंटेनरच्या दोन रांगांमध्ये आम्ही अडकलो होतो, इंजिनांची गरम हवा पायांवर येत होती. तेवढ्यात डावीकडून एका मोटरसायकलवाल्यानं गाडी घुसवली. मागे आडवा बांधलेला हिरव्या मक्याचा भारा. तो भारा आमच्या आरशाला घासून पुढे गेला आणि मक्याची पानं ईश्वरीच्या गालावरून ओढली गेली. मक्याच्या पानाला धार असते. तिच्या गालावर तीन बारीक रेघा उमटल्या आणि त्यांतून रक्ताचे थेंब वर आले.

पुढचं मी स्पष्ट सांगतो, कारण चार वर्षं ते मी अस्पष्ट सांगत आलो आहे. मी स्कूटर रस्त्याच्या कडेला घातली, साइड स्टँडवर लावली, ईश्वरीला सीटवर बसवलं, हलू नको म्हणालो आणि धावत गेलो. जमीन उताराची होती हे मी पाहिलं नाही. तो माणूस पन्नाशीचा असेल, गावाकडचा, डोक्याला टॉवेल. त्याला खाली ओढलं. तो म्हणाला, चुकलं दादा, दिसलं न्हाई. मी त्याच्या तोंडावर मारलं. डाव्या हातानं त्याचा शर्ट धरला होता आणि उजव्यानं मारत होतो. एक, दोन, तीन. त्याच्या नाकाचं हाड माझ्या बोटांच्या पेरांना लागलं, ओलं लागलं, आणि मला बरं वाटलं. तेही लिहितो. बरं वाटलं. भारा सुटून मका रस्त्यावर पसरला होता, त्यावरून गाड्या जात होत्या. चौथ्यांदा हात उचलला तेव्हा त्याची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या मागे होती.

त्यानं मला असं ढकललं की मी बाजूला पडलो. मला वाटलं आता हा मारणार. तो माझ्या अंगावरून उडी टाकून मागे पळाला. मी वळून पाहिलं तर स्कूटर आडवी झाली होती आणि ईश्वरी तिच्याखाली होती, आणि हातभर अंतरावरून एका ट्रेलरची चाकं जात होती. त्या माणसानं एक हात वर करून ट्रेलर थांबवला, दुसऱ्या हातानं स्कूटर उचलली. मी पोहोचलो तेव्हा ती त्याच्या कडेवर होती. त्याच्या नाकातलं रक्त तिच्या फ्रॉकवर ठिबकत होतं. मी काहीतरी बोलायला गेलो.

"आधी पोरीला बघ," तो म्हणाला. "मला मागनं मार."

तिचं डावं मनगट मोडलं होतं. पंजा मनगटापासून वेगळाच लोंबत होता. त्यानंच डोक्यावरचा टॉवेल सोडून तो हात तिच्या गळ्यात बांधला, रिक्षा थांबवली, आम्हाला बसवलं. मग तो रस्त्यावरचा चेंगरलेला मका गोळा करायला लागला. मी त्याचं नाव विचारलं नाही. त्याच्या गोठ्यातल्या जनावरांनी त्या दिवशी काय खाल्लं असेल, हा विचार मला पुढे कित्येक दिवस जेवताना यायचा. चाकणच्या बाजारात मी त्याला दोनदा शोधलं. डोक्याला टॉवेल बांधलेले, मका नेणारे शेकडो असतात, आणि मी त्याचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता. नुसता मारला होता.

प्लास्टर घातलं, तिला झोप लागली. वर्षा दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसली होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं की पोरीला हलू नको म्हणाला होतात ना, मग ती उतरली कशाला, हे तुम्ही तिला विचारलंत का? मी म्हटलं, घाबरली असेल. वर्षा म्हणाली, मी विचारलं. ती म्हणते, मी पप्पांचा दुसरा हात धरायला चालले होते. एक हात धरला की मशीन खाली येत नाही.

मी बाकावरून उठलो आणि बाहेर पार्किंगमध्ये जाऊन भिंतीवर डोकं आपटलं. हेही बघा, तिथंही मारलंच.

जग दाखवायला निघालो होतो. पोरगी शिकत होती, मी सोडून सगळ्यांकडून. वेसण धरणाऱ्या म्हाताऱ्याकडून, बोटं गमावलेल्या शिंदेमामांकडून. मी तिला फक्त ते सगळं कुठं वापरायचं ती जागा दाखवली. माझ्यातही कुणीतरी एका बटणात पाचर ठोकून ठेवली आहे, आणि ठोकणारे माझे वडील असतील किंवा नसतील, ती काढायचं काम माझं होतं. सहा वर्षांच्या पोरीचं नव्हतं.

जूनमध्ये, हात अजून प्लास्टरमध्ये असताना, ती बिल्डिंगच्या जिन्यात पोरांबरोबर चाकण चौक खेळायची. सगळ्या पोरांना मारणारा व्हायचं असायचं. मी वरून ऐकत होतो. ईश्वरी त्यांना समजावत होती की शर्ट डाव्या हातानं धरायचा आणि मारायचं उजव्यानं. तिनं एकाला दाखवण्यासाठी मारलं ते खरंच लागलं आणि तो रडत घरी गेला. त्याची आई तक्रार घेऊन आली. मी ईश्वरीला समोर उभं केलं, आणि हे तुला कुणी शिकवलं असं विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

नंतरच्या तीन उन्हाळ्यांत ती माझ्याबरोबर कुठं आली नाही. भांडली नाही, रुसली नाही. नुसतं म्हणायची, नको पप्पा, ऊन आहे. आईबरोबर बसनं जायची. मी गुरुवारी घरी पंखे पुसायचो, पाण्याची टाकी धुवायचो. मी बदललो असं म्हणणार नाही. त्यानंतर मी कुणावर हात उचलला नाही हे खरं, पण आवरून धरलेला हात आणि शांत हात यांत फरक असतो, तो माझा मला कळतो. दरवेळी मूठ वळते, आणि मी ती खिशात घालून ठेवतो.

आणि यंदा, पोहे खाता खाता, ती म्हणाली की येऊ का.

काल गुरुवार होता. कुठं जायचं विचारलं तर तिनं नदी सांगितली. दहा वर्षांची झाली आहे, आता मागे बसते, तिचे गुडघे माझ्या कमरेला लागत होते. इंद्रायणीवर फेस होताच. ती काठावर दोन हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, अजून चावते वाटतं. मी हसलो की काय केलं मला कळलं नाही. रस प्यायलो. परत निघालो.

मोशीच्या सिग्नलला एक टेम्पो मागून आला आणि आमच्या स्कूटरला ठोकर देऊन थांबला. जोरात नाही. पण ईश्वरी माझ्या पाठीवर आदळली. मी मागे पाहिलं. ड्रायव्हर पोरगाच होता, कानाला फोन, त्यानं हात हलवून पुढे हो अशी खूण केली. झालं. कान बंद झाले, रस्ता लहान झाला, माझा पाय खाली टेकला आणि उजवा हात हँडलवरून सुटला. चार वर्षं खिशात ठेवलेली मूठ आपोआप वळली.

तेवढ्यात मागून तिचा डावा हात आला. ते मनगट नीट जुळलं नाही, जरा बाहेर वळलेलंच आहे, जिना धरताना, डबा उघडताना ते दिसतं. तिनं त्या वाकड्या मनगटाच्या हातानं माझा डावा हात हँडलवर दाबून धरला. उजव्याला तिनं हातही लावला नाही. तिचा श्वास माझ्या मानेवर जोरजोरात येत होता. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेली असूनही धरून होती. मग मला कळलं की ती नदी बघायला आलीच नव्हती.

मागून हॉर्न वाजायला लागले. सिग्नल सुटला होता. उजवा हात मी हँडलवर परत ठेवला आणि गाडी पुढे घेतली. काळेवाडी येईपर्यंत तिनं माझा दुसरा हात सोडला नाही.